भिंगातल्या सेरवाआजी

"धूळ? ह्या धुळीला आज जन्माची अद्दल घडवतो!" दातांत स्क्रू ड्रायव्हर धरून गावचा फोटोग्राफर याव अदोमाकोने जाहीर केलं.

समोर जेवणाच्या टेबलावर त्याची एकुलती एक झूम लेन्स सात तुकडे होऊन पडली होती. वाळवंटाकडून येणारा हरमॅटनचा कोरडा वारा सुटला की कुमासीच्या मुलखात धूळ कुठे शिरत नाही ते विचारा! त्यात झूम लेन्स म्हणजे जातीची हावरट. पुढे-मागे सरकवली की भात्यासारखी हवा ओढते आणि हवेबरोबर धूळही पोटात घेते.

"अहो, उद्या सेरवाआजींचं अंत्यकर्म आहे," त्याची बायको अफ्रिये म्हणाली. "आज कशाला हे उद्योग? पाद्रीबाबांचा पंखा तुम्ही दुरुस्त केलात, तो आता हाताने फिरवावा लागतो. माझं शिलाई मशीन उलटं शिवतं. कुमासीच्या कारागिराकडे द्या की!"

"तो पंधरा दिवस ठेवून घेतो! आणि मी काय मेलोय?"

यावने कान साफ करायच्या काड्यांचा कापूस सोडवला आणि एकेक भिंग पुसून काढलं. फुंकर, कापूस, पुन्हा फुंकर! तासाभराने लेन्स जुळली. एक बारीकसा स्क्रू तेवढा उरला. तो त्याने अफ्रियेचं लक्ष नाही असं बघून खिशात टाकला.

आता ह्या सेरवाआजी म्हणजे साधं प्रकरण नव्हतं. चाळीस वर्षं त्यांनी कापडबाजारावर राज्य केलं. कॅमेऱ्याचा मात्र भारी तिटकारा! गेल्या वर्षी यावने बाजारात नुसता कॅमेरा उचलला, तर हातातला कापड मोजायचा गज त्याच्यावर रोखून म्हणाल्या होत्या, "जिवंतपणी माझा फोटो काढायचा नाही. मेल्यावर काढ. मग बघू!"

हे 'मग बघू' यावला शनिवारी सकाळी उगीचच आठवलं.

त्या सकाळी धुळीने सूर्य दुधाळ झाला होता. समोरचा माणूससुद्धा आधी सावलीसारखा दिसायचा, मग ओळखू यायचा. सुतकाच्या काळ्या-तांबड्या कपड्यांतली दोनशे माणसं अंगणात जमली होती, ढोल घुमत होते. पडवीत पितळी पलंगावर सेरवाआजी राणीसारख्या सजून निजल्या होत्या. अंगावर रंगीबेरंगी विणीचं भरजरी केंटे वस्त्र, गळ्यात सोनं. एकेकाने उशाशी उभं राहून फोटो काढून घ्यायचा आणि अफ्रियेने मांडवातल्या यंत्रावर तो लगेच छापून हातात द्यायचा, अशी पद्धत.

पहिला मान ओसेईमामांचा. आजींचे ते धाकटे भाऊ, म्हणजे घराण्याचे प्रमुख. फोटो छापून बाहेर आला आणि अफ्रियेचा हात तसाच थांबला.

"अहो... हे कोण?"

मामांच्या डाव्या खांद्यामागे कुणीतरी उभं होतं. फिकट, कमरेत वाकलेलं, डोक्याला फडकं बांधलेलं, एक हात वर. खाली पलंगावर सेरवाआजी निजलेल्या होत्या, आणि वर सेरवाआजी उभ्या होत्या!

दुसऱ्या फोटोतही तेच. तिसऱ्यातही. मांडवात फोटो हातोहात फिरले तसे ढोल एकेक करून थांबले.

"आशीर्वाद देतायत!" कुणीतरी पुटपुटलं.

"कसला आशीर्वाद? डावा हात आहे तो!"

झालं! इथे कुणाला डावा हात दाखवणं म्हणजे आईवरून शिवी देण्यासारखंच. लोकांचे चेहरे उतरले. फोटो आडवा धरला, उलटा धरला, उन्हात धरला. एक म्हातारबुवा तर सर्वांसमोर तस्सेच वाकून उभे राहिले आणि आपला कुठला हात वर गेलाय ते स्वतःच तपासायला लागले! शेवटी ओसेईमामांनी चष्मा काढून निकाल दिला, "अंगठा बघा अंगठा. उजवाच आहे." दोनशे माणसांनी श्वास सोडला.

यावने मात्र अफ्रियेला बाजूला ओढलं. "कापूस! काडीचा तंतू आत राहिलाय!" तो पुटपुटला.

"मग सांगा ना सगळ्यांना," अफ्रिये कुजबुजली.

"काय सांगू? ह्या तुमच्या आजी नव्हेत, कानातल्या काडीचा कापूस आहे? मलाही त्यांच्याच शवपेटीत घालतील!"

तेवढ्यात आचिया पुढे आली. आजींची एकुलती एक मुलगी. अकरा वर्षांपूर्वी तिने कापडाच्या दुकानावर बसायला नकार दिला आणि ती राजधानीत, आक्राला जाऊन शिक्षिका झाली. तेव्हापासून आई तिच्याशी एक शब्द बोलली नव्हती. आई गेल्यावरच ती घरी आली होती.

यावने घाबरून झूम पूर्ण ताणली आणि तिचा नुसता चेहरा टिपला. फोटो आला. स्वच्छ. मागे कुणी नाही.

आचियाने फोटो उलटून बघितला, जणू आई मागच्या बाजूला असेल.

"सगळ्यांजवळ उभी राहिली," ती म्हणाली. "माझ्याजवळ नाही. मला नाहीच माफ केलं तिने." आणि ती पलंगाशी मटकन खाली बसली.

यावला ते बघवेना. तंतू कधी दिसतो हे एव्हाना त्याच्या ध्यानात आलं होतं. भिंग उन्हाकडे हवं आणि झूम आखडलेली हवी. बस्स!

"ताई, उठा. माझंच चुकलं, परत काढू. इकडे, उजेडाकडे पाठ करा."

त्याने झूम आखडली आणि बटण दाबलं. ह्या खेपेला अफ्रियेने फोटो आधी स्वतःच उजेडात धरून बघितला. आकृती होती. पण इतरांच्या फोटोंत होती त्याहून जवळ! आणि तो वर उचललेला हात आता आचियाच्या डोक्यावर टेकलेला होता.

'तंतू हलला असेल,' यावने स्वतःला समजावलं. आचिया फोटो उराशी धरून हमसाहमशी रडली, आणि त्यानंतरच शवपेटी उचलली गेली.

रविवारी आभाराची प्रार्थना आटोपली आणि अफ्रिये तणतणत घरी आली.

"ऐकलंत? आचियाने मामांकडून दुकानाची किल्ली घेतली. शाळा सोडतेय! आईने डोक्यावर हात ठेवला, आता तिची गादी मीच चालवणार म्हणते. अहो, तुमच्या कापसापायी पोरगी नोकरी सोडतेय! उठा, खरं काय ते सांगून टाका तिला."

याव मान खाली घालून अफ्रियेच्या मागोमाग गेला. आजींच्या खोलीत, आजींच्याच टेबलापाशी बसून त्याने सगळं कबूल केलं. काडी, कापूस, फुंकर, सगळं. खिशात टाकलेला स्क्रूसुद्धा!

आचियाने शांतपणे ऐकून घेतलं. किल्ली तिच्या मुठीत होती.

"दाखवा," ती म्हणाली.

यावने लेन्स उघडली. एकेक भिंग खिडकीकडे धरलं. पहिलं. दुसरं. तिसरं. मग पुन्हा पहिल्यापासून. शेवटी अफ्रियेने त्याच्या हातातून भिंगं हिसकावली आणि स्वतः डोळे बारीक करून बघितलं.

"अहो," तिचा आवाज खाली आला, "ह्यात काहीच नाहीये. एक कणसुद्धा नाही."

बाहेर वाऱ्याने दाराची कडी वाजली. तिघांपैकी कुणीच मागे वळून बघितलं नाही.

आचियाने किल्ली हळूच पदराच्या टोकाला बांधली. "सोमवारी दुकान उघडते," ती म्हणाली. "पहिलं कापड तुमचं, वहिनी."

दोघं घरी परतायला निघाली. वळणापाशी अफ्रिये थांबली.

"लग्नाला वीस वर्षं झाली," ती म्हणाली. "पहिल्यांदाच दुरुस्ती बिनचूक केलीत हो!"

"हळू बोल," याव म्हणाला आणि त्याने चालायचा वेग वाढवला. "कुणाला सांगू नकोस."