दगडफुलांना सारखा वाटा

शुभांगीने मागच्या ओट्यावर काचेच्या दोन पेट्या मांडल्या आणि सासूबाईंना बजावलं, "आई, यातलं दगडफूल मसाल्यात घालायचं नाही हं."

"घरात काय मसाला नाय व्हय?" साळूबाई म्हणाल्या. पण नजर पेट्यांवरून हलेना, म्हणून शुभांगीने दोन्ही झाकणांना कुलूप लावलं. सासऱ्यांना काही बजावावं, हे तिला सुचलंच नाही.

दगडफूल म्हणजे बुरशी आणि शेवाळ यांचा एकत्र संसार. घर बुरशीचं, स्वयंपाक शेवाळाचा, आणि त्याला शिधा हवेतल्या कर्बवायूचा. हवेत हा शिधा वाढत चालला, तर संसार सुधारतो की बिघडतो, हे शुभांगीला पीएच.डी.साठी शोधायचं होतं. म्हणून दोन्ही पेट्यांना जाळी, पण एकीत सिलिंडरमधून नळीने जादा वायू, आणि दुसरीत जाळीतून येईल ती साधी हवा. दिवाळीनंतर समितीपुढे अहवाल होता. तो पटला नाही, तर नोंदणी रद्द.

सासऱ्यांचा, म्हणजे सावळीरामनानांचा, मखमलाबादला शेवंतीचा मळा. शेवटच्या रोपाला ठिबकचा थेंब कमी पडला, तर नानांना जेवण जात नसे. त्यांनी पाहिलं, एका पेटीला नळी आहे, दुसरीला नाही. सून शिकलेली, पण जोडणी राहिलेली दिसते! खिशात ठिबकचा तीन तोंडांचा सांधा होताच. नानांनी पेट्यांच्या मागून नळीला फाटा फोडला आणि दुसरी शाखा जाळीतून आत सारली. सांगितलं मात्र कुणालाच नाही. उपकार गुपचूप करावा आणि चारचौघांत जाहीर करावा, ही त्यांची जुनी पद्धत.

पावसाळा सरला आणि मार्गदर्शक उज्ज्वला मॅडम पाहणीला आल्या.

"दोन्ही अगदी सारखी दिसतायत गं."

"हो ना मॅडम. माझ्या मापातही फरक येत नाहीये."

"मग फरक पडत नाही, हाच निष्कर्ष! छान आहे की."

शुभांगीचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात चहा घेऊन आलेले नाना म्हणाले, "फरक पडंलच कसा मॅडम? मी पडू दिला नाय."

मॅडम पेट्यांच्या मागे वाकल्या आणि तो तीन तोंडांचा सांधा त्यांनी शुभांगीला दाखवला.

"नाना, ते दुसरं मुद्दाम उपाशी ठेवलं होतं!" शुभांगी ओरडली.

"मुद्दाम?" नानांनी कप खाली ठेवला. "त्यानं काय केलं व्हतं?"

मॅडमनी खटपट करून समितीकडून एकदाच मुदतवाढ मिळवली आणि वायू मोजायची दोन यंत्रं ठेवून गेल्या. हरसूलच्या डोंगरातून दगडफुलं धरलेले नवे दगड आले. पेट्या ओट्याच्या दोन टोकांना गेल्या. नळीला हात लावणार नाही, अशी नानांनी गंगेची शपथ घेतली आणि पाळलीही.

तरी साध्या पेटीतला आकडा रोज सकाळी चढायचा. एके दिवशी शुभांगी दाराआड उभी राहिली. नाना स्टुलावर बसून जाळीला तोंड लावून बोलत होते, "कळ काढ बाबा. तुझ्या बाजूनं लय बोललो मी. पर शिकलेली माणसं, आपलं कोण ऐकतंय?" दर वाक्याला आकडा वर.

"नाना, श्वास! तोच वायू असतो तुमच्या श्वासात!"

"मंग आता श्वास बी घिऊ नको व्हय?"

शुभांगीने यंत्राकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं. नळीवर शपथ घालता येते, मायेवर नाही. तिने स्टूल उचललं आणि दुसऱ्या टोकाला, नळीवाल्या पेटीजवळ नेऊन ठेवलं.

"इथे बसा. याच्याशी बोला."

"याच्याशी काय बोलायचं? याला तं समदंच मिळतंय!"

"म्हणूनच. लाडावलंय नुसतं. चांगलं खडसावा."

नाना बसले. घसा खाकरून म्हणाले, "काय रे, शेजारचा उपाशी हाय, तुला घास गिळवतो तरी कसा?"

आता रोज सकाळी नानांचा आवाज आणि त्याबरोबर यंत्रावरचा आकडा चढला, की शुभांगी सिलिंडरची चावी थोडी आवळून घेते.