उघड्या छातीचे चाळीस शर्ट

काज-बटणवाल्या आजोबांनी डोळ्यांपायी काम सोडलं, त्याच दिवशी मावशीने शिवणाच्या दुकानाच्या मालकाला बजावलं, "दुसरं काही नको, काज-बटणाला माणूस बघा. बॅन्डवाल्यांचे चाळीस शर्ट पुरे झाल्याशिवाय तुम्ही मला सोडणार नाही, आणि शनिवारी मला लेकीच्या बाळंतपणाला जायचंच आहे."

"माणूस आला समजा!" मालक म्हणाला.

मावशी इथे अठ्ठावीस वर्षं कापड बेतत होती. मालकाची शाळेची अर्धी चड्डीसुद्धा तिनेच बेतलेली. त्याचे वडील माणूस ठेवताना त्याच्या हातात सुई द्यायचे आणि गप्प बसायचे. मुलगा चहा द्यायचा आणि विचारायचा, "पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?"

सोमवारी आला डिझायनर.

"हा काजं करतो?"

"मावशी, बटणं कुठे लावायची ते हा ठरवेल."

"ते ठरलंय हो. गळ्यापासून पोटापर्यंत."

बुधवारपर्यंत डिझायनरने अकरा कॉलर काढल्या, त्याही कागदावर. मशीनवरच्या दोघींनी चाळीस शर्ट शिवून टाकले, सगळे उघड्या छातीचे. काम अडलं कुठे, हे शोधायला मालकाने गुरुवारी मॅनेजर नेमला. त्या टायवाल्या, घाबरट माणसाने दिवसभर खपून भिंतीवर तक्ता लावला.

"काजाच्या मशीनवर माणूस नाही," तो हळूच म्हणाला.

"हे सांगायला पगार लागतो होय?" मावशी कडाडली.

शुक्रवारी सकाळी मालक बाहेर पडला. मावशीची बॅग भरलेली, आणि शर्ट तसेच. तेवढ्यात मॅनेजरने टाय सोडला, काजाच्या मशीनवरचा कपडा काढला आणि तेल घातलं.

"अहो, बोट जाईल!"

"बारा वर्षांत नाही गेलं, मावशी."

पहिलं काज असं सुबक पडलं, की मावशी बघतच राहिली.

"मग मुलाखतीत बोलला का नाहीत?"

"मालकांनी विचारलं, हाताखाली किती होते? चाळीस म्हणालो."

"होते?"

"सुया होत्या."

दुपारी चारला चाळीसही शर्टांच्या छात्या झाकल्या. सगळ्यांनी मिळून बटणं लावली, डिझायनरने दोन उलटी. मालक आला आणि त्याचा ऊर भरून आला.

"एका दिवसात! अशा माणसाला मी उघड्यावर बसवलंय? साहेब, उद्यापासून तुम्हाला केबिन. आणि खबरदार, मशीनला हात लावलात तर!"

मॅनेजरचा चेहरा पडला. मावशीने मात्र बॅग उचलली आणि जाता जाता म्हणाली, "बरोबर आहे. मग ते काजाचं मशीन तरी इथे कशाला अडगळ? टाका त्यांच्याच केबिनमध्ये."

महिन्याने मावशी नातीचे फोटो घेऊन परतली. एक मशीनवाली फाइलींचा भलामोठा गठ्ठा घेऊन केबिनमध्ये शिरत होती. गठ्ठ्यातून एक बाही लोंबत होती. दार बंद झालं आणि आतून अखंड खटखट सुरू झाली.

"हळू बोला, मावशी," मालक चवड्यांवर चालत आला. "साहेब टाइप करताहेत. काय माणूस निवडलाय मी!"