किंचित तफावत

गणित आणि जग यांच्यात फरक असतो, ही गोष्ट सर्व सुसंस्कृत देशांनी मान्य केलेली आहे. मात्र फरक नुसता असून भागत नाही. तो कुणामुळे पडला हे लिहावं लागतं, आणि लिहिताना शक्यतो असा माणूस निवडावा लागतो ज्याला ते वाचता येत नाही. सफाक्स शहरातल्या लहरी-परिपथ व अँटेना आविष्कार केंद्राला असा माणूस स्थापनेच्या पहिल्याच वर्षी सापडला. केंद्राची पुढची सगळी भरभराट त्यामुळेच झाली.

त्यांचं नाव शाजली मनीफ. सगळे त्यांना अम्म शाजली म्हणत. अम्म म्हणजे काका, आणि केंद्रात संशोधक एकतीस असले तरी काका एकच होते. त्याआधी जुन्या शहरातल्या सोनारबाजारात ते चांदीच्या पैंजणांना टाके देत. त्यांचा टाका शोधायला गिऱ्हाइकं भिंग घेऊन यायची आणि तशीच परत जायची. बावीस वर्षांपूर्वी केंद्रानं त्यांना सोल्डरिंगसाठी नोकरीत घेतलं, आणि तेव्हापासून केंद्रातली प्रत्येक तार त्यांच्याच हातून जोडली गेली.

केंद्राचं काम वरवर पाहता सोपं वाटेल. तळहाताएवढी पट्टी घ्यायची, तिच्यावर तांब्याचा पातळ पत्रा ठेवायचा, त्या पत्र्याला याआधी कुणी दिलेला नाही असा आकार द्यायचा आणि मध्ये एक खाच पाडायची. खाच पडली की आविष्कार झाला. (दोन पडल्या की बढती.) बावीस वर्षांत असे दोनशे चौदा आविष्कार झाले. त्यांत पानं-फुलं एकसष्ट, कीटक अठ्ठेचाळीस, समुद्रातले जीव एकोणचाळीस, भूमितीच्या आकृत्या पासष्ट, आणि संचालकांच्या मुलीची केसांची पिन एक. समुद्रातल्या जीवांत ऑक्टोपस विशेष फलदायी ठरला. त्याचा दरवर्षी एकेक पाय कमी करत केंद्रानं आठ स्वतंत्र आविष्कार नोंदवले. आठवा आविष्कार म्हणजे नुसता गोळा होता, पण तोवर परीक्षकांना ऑक्टोपसाची सवय झालेली होती.

संगणकाच्या पडद्यावर हे सारे आविष्कार लहरी अशा झेलत की पाहणाऱ्यानं तोंडात बोटं घालावीत. मग प्रत्यक्ष मोजमापाची पाळी येई. त्यासाठी एक बंद खोली आहे. भिंतींना आणि छताला निळ्या स्पंजाचे सुळके लावलेले, आतली लहर बाहेर जात नाही, बाहेरची आत येत नाही, सासूचा फोनही पोचत नाही. (रमजानात दुपारच्या वेळी मोजमापांचं प्रमाण तिप्पट होतं, असं नोंदवही सांगते. उशा कुणाच्या, हे ती सांगत नाही.) त्या खोलीत आविष्काराची ताकद पडद्यावरच्या निम्मी भरे. कधी निम्म्याच्याही निम्मी.

दुबळ्या मनाचा माणूस इथे कपाळाला हात लावून बसला असता. केंद्रानं एक वाक्य तयार केलं. 'गणित व मोजमाप यांत समाधानकारक मेळ आढळला. किंचित तफावत दिसते ती सोल्डरिंग करताना झालेल्या मानवी चुकीमुळे.' हे वाक्य दोनशे चौदा शोधनिबंधांत, त्याच जागी, इंग्रजीत छापून आलं.

अम्म शाजलींना अरबी उत्तम येई, भांडणापुरती फ्रेंच येई, इंग्रजीचा संबंध नव्हता. डॉक्टर सौसन जम्मूसी ही केंद्रातली सगळ्यात तरुण आणि सगळ्यात भली संशोधक. निबंध छापून आला की ती त्यांना एक प्रत आणून देई.

"अम्म शाजली, यातही तुमचा उल्लेख आहे बरं का."

"याही वेळी? कशाला उगाच?"

"असं कसं? तुमच्याशिवाय आमचा एक निबंध पुरा होत नाही."

यात खोटं एक अक्षर नव्हतं. सौसन उल्लेखाच्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारून देई आणि अम्म शाजली ती प्रत घरी नेत. त्यांची बायको मन्नुबिया हिनं पहिली प्रत चौकटीत बसवून फ्रिजच्या वर टांगली होती, बाकीच्या लग्नातल्या घोंगडीबरोबर ट्रंकेत ठेवल्या होत्या. दर ईदेला शेजारीण झुबेदा मिठाई घेऊन आली की मन्नुबिया तिला ती रेघ दाखवी. झुबेदाचा नवरा नगरपालिकेत मोठा साहेब होता, पण त्याच्या नावाखाली आजवर कुणी रेघ मारलेली नव्हती.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना वरून गुणवत्ता समिती आली. तिचे अध्यक्ष सी तुहामी (सी म्हणजे श्रीयुत) हे शिस्तीचे गृहस्थ होते. त्यांनी केंद्राचे सर्व निबंध वाचून काढले. केंद्राचे निबंध कुणी वाचण्याची ती पहिलीच वेळ असल्यानं याबाबत नियम काय आहे हे कुणालाच सांगता येईना. महिन्याभरानं अहवाल आला. दोनशे चौदा आविष्कारांपैकी दोनशे चौदा एकाच कर्मचाऱ्याच्या चुकीमुळे अपेक्षेपेक्षा कमी पडले आहेत. एवढं सातत्य केंद्राच्या दुसऱ्या कुठल्याही बाबीत समितीला आढळलं नाही. सदर कर्मचाऱ्यास तत्काळ कमी करावं.

नोकरीवरून कमी केल्याचं पत्र अरबीत होतं, आणि निबंधांतलं ते वाक्यही त्यात अरबीत दिलेलं होतं. अम्म शाजलींनी ते घरी स्वयंपाकघरात बसून दोनदा वाचलं. मग उठून फ्रिजवरची चौकट काढली आणि रेघ मारलेल्या ओळीकडे पाहत राहिले.

"म्हणजे ही शिवी आहे?" मन्नुबियानं विचारलं.

"हो."

"इतकी वर्षं मी शिवी टांगली होती? झुबेदेला चहा पाजून पाजून दाखवत होते?"

"मला तरी कुठे माहीत होतं?"

"गच्चीवर जाऊन बघ जरा. कुसकुस वाफवायचं भांडं काठीला बांधून तू तो अँटेना केला होतास. सगळी गल्ली त्यावर इटलीचा फुटबॉल बघायची. त्याचा टाका अजून सुटलेला नाही. आणि म्हणे मानवी चूक!"

(त्या भांड्याबाबत खुलासा असा, की त्याचं आधी गणित केलेलं नव्हतं. त्यामुळे तफावतही पडली नाही.)

दुसऱ्या दिवशी ते सौसनसमोर उभे राहिले. तिचा चेहरा पार उतरला.

"अम्म शाजली, शपथेवर सांगते, माझ्या मनात तसं काही नव्हतं. ते वाक्य तसंच लिहायची पद्धत आहे. मी ते माझ्या सरांच्या निबंधातून घेतलं, सरांनी त्यांच्या सरांच्या."

"आणि तू रेघ मारून द्यायचीस, पोरी."

यावर सौसन रडायला लागली. अम्म शाजलींनी तिला खिशातला रुमाल दिला, कारण चांगल्या माणसाला रागवायचंही नीट येत नाही. मग त्यांनी अर्ज केला. मला समितीसमोर एक टाका देऊ द्या. त्यात चूक निघाली तर निरोप समारंभसुद्धा नको.

चाचणी झाली. आविष्कार क्रमांक दोनशे चौदा (जाईचं फूल, पाच पाकळ्या, दोन खाचा) नव्यानं तयार करण्यात आला. अम्म शाजलींनी बाह्या सारल्या, ओठ मिटले आणि टाका दिला. समितीनं तो भिंगाखाली पाहिला, त्याहून मोठ्या भिंगाखाली पाहिला, क्ष-किरणांखाली पाहिला. टाका निर्दोष होता. मग फूल निळ्या खोलीत नेण्यात आलं. ताकद निम्मीच भरली.

"म्हणजे चूक दुसरीकडे कुठेतरी असणार," सी तुहामी म्हणाले.

पुढचा विचार त्यांनी मोठ्यानं केला, ही त्यांची चूक झाली. टाका बरोबर असेल तर फूल चुकलं. एक फूल चुकलं तर दोनशे चौदा आविष्कार चुकले. आविष्कार चुकले तर एकतीस जणांच्या बढत्या चुकल्या. त्यांत संचालक डॉक्टर लमजद फुराती आले. संचालकांची निवड चुकली तर निवड करणारं मंडळ चुकलं. इथवर येऊन सी तुहामींनी फाईल मिटली. त्या मंडळावर ते स्वतः होते.

अर्ध्या तासानं संचालकांनी स्वतः उठून अम्म शाजलींना खुर्ची दिली.

"अम्म शाजली, तुम्हाला कोण काढतंय? तुम्ही राहा. निवृत्तीनंतरही राहा. फक्त ही चूक तुमची आहे एवढं एकदा सही करून द्या. कागदापुरतं."

अम्म शाजलींनी कागद पाहिला. त्यांना फ्रिजवरची मोकळी भिंत आठवली. तिथे चौकटीचा चौकोनी डाग उरला होता.

"सही करतो," ते म्हणाले. "पण चूक माझी असेल तर शोधही माझा. निबंधावर नाव घाला. सगळ्यांच्या वर."

"अहो, पण तुम्ही इंजिनिअर नाही!"

"नाहीच. पण दोनशे चौदा शोध एकट्यानं बिघडवले असा तुमच्यात दुसरा कोण आहे?"

नाव घालायचं ठरलं. आविष्कार क्रमांक दोनशे पंधरा (सार्डीन मासा, शेपटीला खाच) हा निबंध शाजली मनीफ, मग लमजद फुराती, मग सौसन जम्मूसी या क्रमानं लिहायला घेतला गेला. मासा निळ्या खोलीत निम्मा भरला. सगळे नेहमीच्या वाक्यापाशी आले आणि थांबले. नियम चार, पोटकलम दोन प्रमाणे निबंधाच्या लेखकावर त्याच निबंधात ठपका ठेवता येत नाही.

पर्याय शोधण्यासाठी उपसमिती नेमली. समुद्रावरच्या दमट हवेचं नाव पुढे आलं, पण पर्यटन खात्यानं लेखी हरकत घेतली. चहा आणणारीचं नाव आलं, ती संचालकांच्या मावशीची नणंद निघाली. विजेचं नाव आलं, पण त्या दिवशी वीज नव्हतीच. शेवटी सौसन कागद घेऊन अम्म शाजलींच्या टेबलाशी आली.

"पहिले लेखक तुम्ही आहात. तुम्हीच सांगा, काय लिहू?"

अम्म शाजलींनी सोल्डरिंगची कांडी खाली ठेवली. कुणाचं तरी नाव लिहिणं किती सोपं असतं ते त्यांना प्रथमच कळत होतं, आणि ते त्यांना आवडलं नाही.

"हे निबंध वाचतो कोण, गं?"

"समितीनं वाचले तेवढेच. एरवी कुणीच नाही."

"आणि वाचलेच कुणी, तर तो भांडायला येतो?"

"कुठून येणार? त्याला आपला पत्ताही माहीत नसतो."

"मग त्याच्याच नावावर घाल. बिचारा," अम्म शाजली म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले.

तेव्हापासून नवं वाक्य रूढ झालं आहे. 'गणित व मोजमाप यांत समाधानकारक मेळ आढळला. किंचित तफावत वाटल्यास ती वाचणाऱ्याच्या समजण्यात आहे.' समितीनं त्याला मान्यता दिली आहे. फ्रिजवर नवी चौकट लागली आहे, आणि झुबेदेला दाखवायच्या आधी मन्नुबियानं ती तीन निरनिराळ्या माणसांकडून वाचून घेतली आहे.

प्रस्तुत कथाही याच नियमाखाली लिहिलेली आहे. आराखड्यात ती फारच विनोदी होती. आपल्याला हसू निम्मंच आलं असेल तर टाका तपासत बसू नये. टाका अम्म शाजलींनी दिलेला आहे.