टिपरीचा सातवा नंबर

एका जंगलात, बाळांनो, बोरीच्या झाडाखाली शेवंता ससीण राहायची. वरच्या फांदीवर मी, साळुंकी. मला कुणाच्या घरात डोकावायची सवय नाही हो. पण तिच्या बिळाचं तोंडच माझ्या फांदीकडे, त्याला मी काय करू?

शेवंताची लेक टिपरी. अशी पळायची, की धूळ मागाहून यायची! तिला एकच ध्यास होता. टेकडीवरच्या पळण्याच्या कॉलेजात जायचं.

कॉलेजचा नियम सोपा. प्रत्येक शाळेतून पहिला येईल तो आत, बाकीचे घरी. शिवाय हरणांची शाळा अवघड, म्हणून तिथले गुण दीडपट धरायचे. कासवांच्या शाळेतले आहेत तेवढेच.

टिपरी हरणांच्या शाळेत. नंबर सातवा.

एका सकाळी शेवंता दप्तर घेऊन भलत्याच वाटेला लागली. मी वरून विचारलं, "काय गं शेवंता, शाळा इकडे कुठे?"

"हळू बोला, साळूताई! टिपरीला कासवांच्या शाळेत घालतेय. तिथे झोपून राहिली तरी पहिली येईल. कुणाला सांगू नका हं."

"माझ्या चोचीतून शब्द जायचा नाही," मी म्हणाले.

मी फक्त खारूताईला सांगितलं. ती तर घरचीच.

दुसऱ्या दिवशी कासवांच्या शाळेत झाडून सगळी हरणं! कासवांना बसायला जागा उरली नाही. ती म्हणाली, बरं झालं, आणि नदीत डुंबायला गेली. एकट्या दगडू कासवाला शिकायची भारी हौस. तो सरपटत सरपटत हरणांच्या शाळेत पोचला. तिथे सांबर गुरुजी रिकाम्या वर्गात माश्या मारत बसले होते.

"ये रे बाबा! तू तरी आलास!" गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं.

परीक्षेला दगडू एकटाच पळाला. सकाळी सुटला, संध्याकाळी पोचला. मधे जेवलाही. पहिल्याला शंभर गुण, ते दीडपट. म्हणजे शंभरपैकी दीडशे! सगळ्या जंगलात पहिला! वानरांनी ढोल बडवले, मोर नाचले, दगडूच्या गळ्यात हार घातला. हार मोठा आणि मान आत, त्यामुळे दगडू दोन दिवस कुणाला दिसलाच नाही.

आणि टिपरी? कासवांच्या शाळेत सहा हरणं पुढे. नंबर सातवा.

"साळूताई, तुम्ही कुणाला बोललात का?" शेवंताने विचारलं.

"छे गं! हल्ली लोकांना चौकशाच फार."

कॉलेज सुरू झालं. दगडू टेकडी चढतोय. पहिल्या वळणापर्यंत आलाय, असं ऐकते. पण हजेरी नाही लागली तर पटावरून नाव काढतात. म्हणून टिपरी रोज सकाळी टेकडीवर पळत जाते, "दगडू हजर!" असं ओरडते आणि दव वाळायच्या आत घरी येते.

प्राचार्य चित्ता तिच्या धुळीकडे बघत राहतात. "काय पळते पोरगी! कितवी आली होती?"

"सातवी," कुणीतरी सांगतं.

"अरेरे," ते म्हणतात आणि फाटक लावून घेतात.

तात्पर्य: बाळांनो, पळायला शिकण्यात वेळ घालवू नका. आधी बाकीचे कुठे पळालेत ते विचारून घ्या. मी फांदीवरच असते.