कुपाटीपलीकडचे दोडके

मुंजाजी काकांना मी पहिल्यांदा पाहिलं ते मेलेले. निदान मला तसं वाटलं. माघातली सकाळ होती. शाळेत कारकुनाची जागा मिळाली म्हणून आम्ही नवरा-बायको वालूरला राहायला आलो, त्याला जेमतेम दोन दिवस झाले होते. दात घासत मागच्या दारी आलो तर शेजारच्या परसात, उघड्या काळ्या मातीत एक म्हातारा उताणा पडलेला. हात अंगालगत, पाय जुळवलेले, तोंडावर पंचा. मी तसाच धावलो. सुनंदाला हाक मारायची तर तोंडात फेस. जवळ जाऊन वाकलो, तर पंचाखालून आवाज आला, "डोक्याकडं बोटभर उंच झालाय."

मी मटकन खाली बसलो. म्हातारा उठला, पाठीची माती झटकली, कुदळीने डोक्याकडची माती थोडी पायाकडे ओढली आणि पुन्हा आडवा झाला. मी ब्रश धरून बसलेलाच.

उन्हाळी भाजीचा वाफा तयार झाला की काका त्यात झोपून पाहतात. वाफा सपाट झाला का, पाणी चारी कोपऱ्यांत सारखं बसेल का, आणि थंडी सरून माती बी टाकण्याइतकी उबली का, हे सगळं त्यांना पाठीने कळतं. "डोळे फसवत्यात, सायेब," ते म्हणतात. "पाठ खोटं बोलत न्हाई." त्यामुळे त्यांचे सगळे वाफे बरोबर त्यांच्या उंचीचे आहेत. पालमला दिलेली त्यांची मुलगी एकदा हौसेने लांबलचक वाफा करून गेली होती. तो त्यांनी दोन हप्त्यांत झोपून तपासला.

मी परभणी शहरात वाढलेला माणूस. आमच्याकडे भाजी गाड्यावर उगवते. त्यामुळे गेल्या सहा वर्षांत मला काकांनी जे धक्के दिले, ते मोजायचं मी सोडून दिलंय. पण दोन-तीन सांगतोच.

पहिल्याच वर्षी त्यांनी मला घरी बोलावलं. शेजारधर्म म्हणून मी धुतलेला शर्ट घालून गेलो. काकांना बायको नाही, ती जाऊन बरीच वर्षं झाली, घरात एकटेच. त्यांनी आतून बशी आणून माझ्यापुढे ठेवली. मला वाटलं, चिवडा असेल. बशीत मातीच्या दोन लहान ढिगल्या होत्या.

"घ्या," काका म्हणाले.

मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. त्यांनी एका ढिगलीतली चिमूट जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि थुंकली. "ही कालव्याकडची. खारवट व्हायलीय. ही दुसरी बगा, कशी गोड हाय."

आता खोटं कशाला बोला, मी चाखली. समोर माणूस इतक्या आदराने बसलेला असताना नाही म्हणवेना. गोड वगैरे काही नव्हती. माती मातीसारखीच लागली. पण मी मान डोलावली आणि तिथेच फसलो. त्या दिवसापासून काका मला जाणकार समजतात. दर माघात माझ्यासाठी बशी येते.

दुसरा धक्का मला एसटीत बसला. मला परभणीला जायचं होतं, काकांना तिथून पुढे पालमला, लेकीकडे. गाडीत उभं राहायलाही जागा नव्हती. काका दोन्ही हातांनी पोट धरून, कपाळाला आठ्या घालून उभे. कंडक्टरला दया आली. त्याने एका बाईला सरकायला लावून म्हाताऱ्याला जागा करून दिली. मीही काळजीत पडलो. म्हटलं, काका, दवाखान्यात जाऊ या का?

काकांनी सदरा वर केला. कमरेला करदोट्यात एक ओलं फडकं गुंडाळून बांधलेलं होतं. ते त्यांनी सोडलं, बाटलीतलं पाणी चार थेंब शिंपडलं आणि आत डोकावून पाहिलं. शेजारची बाई अंग चोरून खिडकीला चिकटली.

"काय हाय हो त्यात?" तिने विचारलं.

"कारली हायत, बाई. उद्या कोंब फुटंल."

कारल्याच्या बियाचं कवच टणक. ओल्या फडक्यात बांधून तीन दिवस अंगाची ऊब दिली की लवकर उगवतं, म्हणून काका बी कमरेला बांधून हिंडतात. त्या तीन दिवसांत ते पालथे झोपत नाहीत, भांडत नाहीत आणि खोकला आला तर पोट धरून खोकतात. एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी याच कारणाने जिलबी नाकारली. पोट फुगलं तर बी चेंगरेल, म्हणाले. वाढपी हातातलं ताट घेऊन तसाच उभा राहिला होता.

इतकं करणाऱ्या माणसाच्या घरी भाजीचे ढीग लागत असतील, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. म्हणून एकदा चैत्रात बाजारच्या दिवशी काका पिशवी घेऊन दोडके विकत घेताना दिसले तेव्हा मी चाटच पडलो. हलवायाने मिठाई विकत आणावी तसा प्रकार. मी विचारलं, तर म्हणाले, "इलाज न्हाई, सायेब. येल पलीकडं पळतो."

हे मात्र खरं होतं. काकांच्या परसाच्या पूर्वेला बाभळी-बोरीच्या फांद्या रचून केलेली कुपाटी आहे, पुरुषभर उंच आणि इतकी दाट की मांजर जायचं नाही. बाकी सगळी जागा मोकळी टाकून काका दोडक्याची आणि कारल्याची आळी नेमकी त्या कुपाटीच्या बुडाशी करतात. वेल उन्हाकडे धावतो. कुपाटीवर चढतो, माथ्यावर पोचतो आणि सगळा संसार घेऊन पलीकडे उतरतो. मुळं, शेणखत, पाणी आणि कंबर मोडेपर्यंत मेहनत काकांची, फळं पलीकडे. एवढा हुशार माणूस, आणि दरवर्षी तीच चूक करतो, याचा मला मनापासून राग यायचा.

गेल्या फाल्गुनात मी ती दुरुस्त केली. काका चार दिवस पालमला गेले होते. मी सुतळी घेऊन त्यांच्या परसात शिरलो आणि कुपाटीवर चढलेला एकेक वेल हळूच सोडवून अलीकडे वळवला, काठ्या रोवून बांधला. हात काट्यांनी सोलून निघाले. पण काका आल्यावर किती खूश होतील, या विचारात मी होतो.

काका आले. वेलांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.  खाली बसून त्यांनी माझी एकेक गाठ सोडली आणि एकेक वेल परत कुपाटीवर घातला. आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

खरी गोष्ट सुनंदाला गिरणीवर कळली. ती दळण घेऊन आली ती माझ्यावर ओरडतच. "काय अक्कल आहे का तुम्हाला? पलीकडे त्यांचा सख्खा भाऊ राहतो."

सोपानराव. मुंजाजी काकांचा थोरला भाऊ. इतकी वर्षं शेजारी राहून मला ठाऊक नव्हतं, कारण पलीकडच्या घराचं दार दुसऱ्या गल्लीत उघडतं आणि काकांच्या तोंडून ते नाव कधी निघालंच नव्हतं. एकोणीस वर्षं दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. सोपानरावांच्या मुलीचं लग्न होतं. थोरल्याने भावाच्या घरी स्वतः अक्षता घेऊन यायचं, त्या त्याने गडबडीत दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवल्या. "मी काय पावना हाय का," म्हणून धाकटा गेला नाही. पुतणीच्या लग्नाला आला नाही म्हणून थोरला रुसला. बस, एवढंच. मुलगी नांदून तिचं थोरलं पोर कॉलेजात गेलं, पण हे दोघे तिथेच.

आता सोपानरावही एकटेच असतात. शेत वाट्याने दिलेलं, गुडघे दुखतात, परस ओसाड. भावाने हाताने भाजी नेऊन दिली तर ते उंबऱ्यातून परत पाठवतील. पण गावाची पद्धत अशी आहे की मुळं कुणाचीही असोत, फळ ज्याच्या अंगाला लोंबलं त्याचं. त्यात देणं नाही, घेणं नाही, मान नाही, अपमान नाही. आणि मी त्या वेलांना सुतळीने बांधून ठेवलं होतं. मला इतकी लाज वाटली की दोन दिवस मी मागचं दार उघडलं नाही.

यंदाच्या माघात काकांनी वाफे केले, झोपून पाहिले, शेणखताचा ढीग उपसून आणला. शेतातली ज्वारी काढणीला आलेली, ती सोडून ते परसातच. कुपाटीच्या बुडाशी आळी खणायला घेतली, आणि पलीकडे ट्रॅक्टर थांबल्याचा आवाज आला. विटा उतरू लागल्या. मग वाळू. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीचा आवाज आणि पायाच्या खोदकामाचे घाव. सोपानराव परसाला भिंत घालायलेत, अशी बातमी सुनंदाने आणली.

काकांनी कुदळ ठेवून दिली. बी भिजवलं नाही. सकाळी जाऊन पाहिलं तर अर्धवट खणलेल्या आळ्याच्या काठावर बसलेले.

"भिंतीवरून पण वेल जाईल की, काका," मी म्हटलं.

"भिंत तापती. कोंब भाजून जातो." मग म्हणाले, "न्हाई म्हनायचं तर तोंडानं म्हनावं मानसानं. इटा कशाला पाहिजेत."

मला ते ऐकवेना. पाना मागायच्या निमित्ताने मी गल्लीला वळसा घालून सोपानरावांच्या घरी गेलो. ते खाटेवर बसून मिस्त्रीवर ओरडत होते. तेच नाक, तोच आवाज. मिशी तेवढी जास्त. भिंत उठत होती, पण रस्त्याकडे, ओढ्याकडे आणि गल्लीकडे. कुपाटीच्या बाजूला पायाच खोदलेला नव्हता.

"रानडुकरं लय झालीत," सोपानराव म्हणाले.

"आणि त्या बाजूला?"

"तिकडं घालायला इटा पुरत न्हाईत."

"पुरायल्यात की, दादा," मिस्त्री म्हणाला. "उरतील वर."

सोपानरावांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो थापी घेऊन पार ओढ्याकडच्या टोकाला निघून गेला. तेवढ्यात माझं लक्ष कुपाटीकडे गेलं आणि मी थक्क झालो. कुपाटीला लागून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कोऱ्या बांबूंचा आणि तारेचा मांडव घातलेला होता. वेलाचा मांडव. काकांकडे अजून बीसुद्धा पडलेलं नाही, आणि इकडे मांडव तयार. फक्त तो कमरेएवढाच उंच होता.

"इतका बुटका?" माझ्या तोंडून निघून गेलं.

सोपानरावांनी उजवा खांदा चोळला. "खांद्यानं दगा दिलाय. हात वर जात न्हाई. दोन वर्सं झाली, खालचे दोडके काढतो, वरचे वाळून जायलेत डोळ्यांदेखत."

"कुणाला तरी तोडायला सांगायचं."

"त्याच्या दोडक्याला दुसऱ्याचा हात कामून लावायचा?" ते म्हणाले. मग बोट दाखवून मला बजावलं, "मांडवाचं बोलू नका तिकडं. मागायलाय म्हनंल."

मी शब्द दिला. पाना घ्यायचा विसरलो.

काका अजून आळ्याच्या काठावरच होते. मी कुठे गेलो होतो ते त्यांनी विचारलं नाही; माझ्या तोंडाकडे पाहूनच ओळखलं असावं. मी म्हटलं, "काका, भिंत तीनच बाजूंनी आहे. या अंगाला नाही."

 ते मातीचं एक ढेकूळ हातात घेऊन फोडत बसले.

"वरचे दोडके," ते शेवटी म्हणाले, "कुपाटीच्या माथ्यावरचे, दोन वर्सं झाली येलावरच वाळायलेत. मला हिकडून तेवढेच दिसत्यात. आंदी त्यो एक ठेवत नव्हता. आता हात गेला का त्यानं खायाचंच सोडलं, ते कळायला मारग न्हाई." ढेकूळ फुटून गेलं होतं तरी बोटं चालूच होती. "खालचे तोडतो का?"

मी हादरलो. दोन उन्हाळे हा माणूस तोंड वर करून कुपाटीकडे बघत उभा राहायचा आणि मी आपला समजत होतो, म्हातारा कीड शोधतोय. 

"खालचा एकही ठेवत नाहीत, काका," मी म्हटलं. "हात वर जात नाही एवढंच."

काका उठले. घरात गेले आणि कोयता घेऊन आले. एकोणीस वर्षं दर पावसाळ्याआधी फांद्यांवर फांद्या रचून जी कुपाटी त्यांनी दाट केली होती, तिच्यापुढे ते मांडी घालून बसले आणि कमरेच्या खालच्या अंगाला एकेक काटकी छाटू लागले. "येल वर कशाला चढवायचा मग," ते म्हणाले. "हितून जाऊ दे." आळ्यासमोर एक याप्रमाणे भोकं पाडायची होती. मी काटे ओढून बाजूला करत होतो.

पहिलं भोक डोकं जाईल एवढं झालं. बी उगवून वेल तिथपर्यंत यायला अजून महिना तरी होता. काका कोयता खाली ठेवून वाकले आणि त्यातून पलीकडे बघू लागले. बराच वेळ बघत राहिले. समोर कोरे बांबू होते. सोपानरावांना दिलेला शब्द मोडायची आता गरज उरली नव्हती.