व्हर्लिनचं पक्कं फिटिंग

नेब्रास्कातल्या त्या छोट्या गावात कुणाचा नळ गळायला लागला, की लोक आधी व्हर्लिन स्टोल्टला बोलवत आणि मग प्लंबरला. व्हर्लिनला यातला पहिला भागच तेवढा ठाऊक होता!

त्यामुळे गाडीमागे जोडून न्यायचा, आत राहायची सोय असलेला एक जुना ट्रेलर त्याने घेतला, तेव्हा बायकोला छाती फुगवून सांगितलं, "डोरीन, आतले पाण्याचे सगळे पाइप मी बदलणार. तुझ्या ताईच्या ऐंशीव्या वाढदिवसाला आपण ट्रेलरमधल्याच मोरीत आंघोळ करून थेट तिच्या दारात उतरू!"

डोरीनची ताई इमोजेन वायोमिंगला राहायची. बहिणींची कित्येक वर्षांत गाठ पडली नव्हती. डोरीनने हिवाळाभर बसून ट्रेलरच्या गाद्यांना लालभडक खोळी शिवल्या, आणि ताईसाठी एका पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथवर भरतकाम केलं.

दुकानात एका फळीवर लवचिक पाइप होते, आवळून बसवायच्या धातूच्या कड्यांसकट. दुसरीवर कडक पांढरे पाइप आणि सोल्युशनने चिकटवायचे एल्बो, म्हणजे कोपऱ्यावरचे वाकडे जोड.

"लवचिक घेऊ या," डोरीन म्हणाली. "घर जागच्या जागी असतं, व्हर्लिन. हे हलणार."

"ही काय पाइपची जात झाली? सलाइनची नळी नुसती! आपल्या स्वयंपाकघरात इतकी वर्षं पांढरा पाइप आहे. थेंब तरी गळला?"

"स्वयंपाकघर आपण वायोमिंगला नेलं नव्हतं कधी."

गल्ल्यावरचा दुकानदार फिसकन हसला. झालं! पाइप पांढराच येणार, हे त्या क्षणी ठरलं.

अंगणात पाणी सोडून पाहिलं. एक थेंब गळेल तर शपथ! बारसं असल्यासारखे शेजारीपाजारी सिंकखाली वाकून एल्बो पाहून गेले.

मग प्रवास. डांबर संपलं आणि आडव्या वळ्या पडलेला कच्चा रस्ता लागला. मागे ट्रेलर असा खडखडत होता, जणू आत कुणीतरी पत्र्यावर खिळे चाळतंय. "भांडी वाजतायत," व्हर्लिन म्हणाला. डोरीनने मान वळवून मागे ट्रेलरकडे पाहिलं.

संध्याकाळी नदीकाठच्या मुक्कामाच्या तळावर त्याने ट्रेलर लावला, तिथल्या नळाला रबरी नळी जोडली.

"मी आत सिंकखाली नजर टाकतो. 'झालं' म्हटलं, की नळ सोड."

तो आत गेला, बॅटरी मारली. एल्बो एकूण एक तडकलेले! एक तर हातातच आला.

"झालं!" व्हर्लिन कळवळून ओरडला. "झालं सगळं वाटोळं!"

डोरीनने पहिला शब्द ऐकला आणि नळ पुरता सोडला.

पाणी थेट व्हर्लिनच्या नाकावर आलं. "बंद! बंद कर गं!"

नदीकाठी डासांचे थवे होते. बिचारीने धावत जाऊन ट्रेलरचं दार बंद केलं!

शेजारच्या तंबूतल्या माणसाने शेवटी नळ बंद केला. दार उघडलं तेव्हा आधी पाणी बाहेर आलं, मग एक चप्पल, मग व्हर्लिन.

लाल खोळींचा रंग सगळीकडे गेला होता. व्हर्लिनचे सदरे गुलाबी, पलंग गुलाबी. आणि तो टेबलक्लॉथ. डोरीनने तो पिळला, उलगडून पाहिला, पुन्हा पिळला. ती ओरडली असती तर व्हर्लिनला बरं वाटलं असतं!

दुसऱ्या दिवशी रविवार, दुकानं बंद. वाढदिवसही रविवारीच. ओला ट्रेलर तसाच ओढत नेणं किंवा तिथे सोडून जाणं शक्य नव्हतं. डोरीनने फोन लावला; ताईला कमी ऐकू यायचं, म्हणून ओरडूनच बोलावं लागलं. पलीकडून पाहुण्यांचा गलका ऐकू येत होता.

"ताई, तू काप केक. आम्ही येतो मागून."

फोन ठेवून ती पाठमोरी बराच वेळ खोळी वाळत घालत राहिली. दोरीवर जागा संपली होती, तरी घालतच राहिली. व्हर्लिन हातात तुटका एल्बो घेऊन उभा. 'घर जागच्या जागी असतं.' एवढं साधं वाक्य! ते ऐकायला काय पैसे पडत होते?

सोमवारी त्याने लवचिक पाइप आणले आणि मुकाट्याने कड्या आवळल्या.

वायोमिंगला पोचले तेव्हा अंगणात फुगे मरगळून पडले होते. इमोजेन व्हरांड्यात एकटीच बसली होती. दोघी बहिणी एकमेकींना बिलगल्या, त्या सुटेचनात.

"किती उशीर गं! काय झालं तरी काय?"

डोरीन तिच्या कानाशी जाऊन मोठ्यांदा म्हणाली, "रस्ता फार वाईट होता, ताई."

व्हर्लिनने चमकून बायकोकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हती. सुटलास रे, असं त्याचं मन म्हणालं. आणि त्या सुटण्यानेच त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"रस्त्याचा दोष नाही," तो पुटपुटला. "फिटिंग मी चुकीचं घेतलं. ही सांगत होती."

"काय?" इमोजेनने कानामागे हात धरला. "जोरात बोल, बाबा!"

"फिटिंग मी चुकीचं घेतलं!"

"कुणी घेतलं?"

"मी!! मी चुकीचं घेतलं!! डोरीन सांगत होती!!"

समोरच्या अंगणात गवत कापणाऱ्या माणसाने यंत्र बंद केलं आणि विचारलं, "काय म्हणत होती?"