भालेराव सरांची कॅटेनरी

कपडे वाळत घालायच्या दोरीला कोणी नाव ठेवलेलं ऐकलंय? आमच्या शेजारच्या भालेराव सरांनी ठेवलंय. आणि त्या दोरीला मी रोज नावं ठेवते.

आम्ही सोनईत राहतो. सर हायस्कुलात गणित शिकवून रिटायर झालेले. आमच्या शेवग्यापासून त्यांच्या खिडकीच्या गजापर्यंत दोघांच्यात मिळून एक दोरी आहे, ती इतकी सैल की मधल्या चादरीचं टोक हमखास मातीत लोळतं.

"सर, जरा ताणू का?"

"ताणायची नाही, ताई. दोन टोकांना बांधून सोडलेली दोरी जे वळण घेते ना, त्याला कॅटेनरी म्हणतात. लॅटिनमध्ये कटेना म्हणजे साखळी. तुमच्या गळ्यातली चेनसुद्धा त्याच घराण्यातली."

या घराण्याचं सरांना भारी कौतुक. सायकलवाल्यालाही ऐकवून आले, "तुझ्या या चेनचं माहेर लॅटिन बरं का." या वळणाला कोणी पॅराबोला म्हटलं की संपलंच. "दिसायला बहिणी, पण नातं नाही! भलेभले फसले."

सर मूळचे शिंगणापूरचे. ज्या गावात घराला दार नाही की कडी-साखळी नाही, त्या गावच्या माणसाला साखळीचं एवढं वेड कुठून लागलं, असं मी एकदा विचारलंही. "तिथं पाहायला मिळाली नाही म्हणूनच," म्हणाले.

मागच्या आठवड्यात मी मोबाईलवर शोधून त्यांना गाठलंच. "सर, कॅटेनरी म्हणजे स्वतःच्याच वजनानं लोंबणारी. ओल्या चादरी टाकल्यावर कसली आलीय कॅटेनरी?"

सर चष्मा पुसत बसले. गणितात सरांना हरवलं म्हणून मी हवेतच. संध्याकाळी ह्यांना बोलावून दोरी मस्त ताणून घेतली.

सकाळी खिडकीतून पाहिलं, तर सरांच्या पत्नी शांताकाकू ओली साडी घेऊन दोरीखाली उभ्या. उजवा हात खांद्याच्या वर जाईना. मागं न्हाणीत पडल्या होत्या, ते मला ठाऊक होतं. पण विचारलं की म्हणायच्या, "मला काय धाड भरलीय? ठणठणीत हाय मी." स्वतःच्या कपड्यांना दुसऱ्याला हात लावू देत नाहीत. डाव्या हातानं साडी फेकायला गेल्या, ती मातीत पडली.

तेवढ्यात सर बाहेर आले. काकूंच्या हाताकडे बघितलंसुद्धा नाही. गजाची गाठ सोडली, दोरी छातीइतकी खाली आणून पुन्हा बांधली आणि ओरडले, "माझी कॅटेनरी कुणी बिघडवली?"

"येड लागलंय तुमाला," काकू साडी झटकत म्हणाल्या. "चांगली ताणली हुती पोरीनं." आणि साडी खळबळून आणून आरामात वाळत घातली.

मी हळूच खिडकीतून बाजूला झाले.

संध्याकाळी हे अंगणातून म्हणाले, "अगं, दोरी पुन्हा लोंबतेय. ताणू का?"

"हात लावायचा नाही. कॅटेनरी आहे ती."

"म्हणजे काय?"

"लॅटिन आहे. तुम्हाला नाही कळायचं."